चंद्रांची ऊब मोजणारे डोळे

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकला की गोंदियात अनेक घरांच्या गच्चीवर एक काम निघतं. बादलीत चुना कालवायचा आणि कुंच्याने स्लॅबवर जाड हात मारायचा. त्या रात्री खाली पंख्याखाली फरक कळतो. पांढरं ऊन परत पाठवतं, काळं ऊन पिऊन घेतं, हे समजायला इथे कुणाला पुस्तक लागत नाही.

एवढी शिदोरी बांधून आज आपल्या चंद्रापासून गुरू-शनीच्या चंद्रांपर्यंत जाऊन येऊ. आपल्या डोळ्यांना दिसतो तो चंद्रावरून परत आलेला उजेड. पण ऊन प्यायलेली प्रत्येक वस्तू पुढे स्वतःची उष्णताही बाहेर टाकत असते. ती अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरणांच्या रूपात येते. डोळ्यांना हे किरण दिसत नाहीत, कातडीला मात्र कळतात. दिवसभर तापलेल्या भिंतीजवळून रात्री जाताना, भिंतीला न टेकताही गालाला जी धग लागते ती हीच. अंतराळयानांना हे किरण टिपणारे डोळे मिळाले आणि ओळखीच्या चंद्रांनी आपली दुसरी बाजू दाखवली. त्यातल्या या दहा गमती.

१. पौर्णिमेचा चंद्र डांबरी रस्त्याच्या रंगाचा आहे

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. हजारो गोंड भाविक दरेकसाच्या डोंगरातल्या गुहेकडे चढतात आणि डोक्यावर पांढराशुभ्र चंद्र असतो. त्या चंद्राची जमीन खरं तर अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम १२ टक्के उजेड परत पाठवते. जुना, झिजलेला डांबरी रस्ता साधारण तेवढाच पाठवतो. मागचं आकाश काळंकुट्ट असल्यामुळे चंद्र आपल्याला पांढरा वाटतो. बाकीचं ऊन तो पितो आणि तापतो. त्यामुळे इन्फ्रारेड डोळ्याला भरदुपारचा चंद्र भट्टीसारखा दिसतो.

२. अर्धा चंद्र निम्मा उजेड देत नाही

अष्टमीचा चंद्र अर्धा असतो, पण त्याचा उजेड पौर्णिमेच्या जवळपास दहाव्या हिश्श्याएवढाच भरतो. कारण शोधायला धानाच्या बांधीत जा. कापणी झालेली असावी, धसकटं कोरडी असावीत. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन धुऱ्यावर उभं राहा आणि आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती बघा. तिथली जमीन इतर जागेपेक्षा उजळ दिसते, कारण त्या दिशेने बघताना प्रत्येक धसकटाची सावली त्या धसकटामागेच लपते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे चंद्रावरच्या धुळीच्या कणाकणाची सावली अशीच दडते आणि सगळा चंद्र एकदम उजळतो. यानाने घेतलेल्या फोटोत एखादी जागा उजळ दिसली, तर शास्त्रज्ञ आधी विचारतात: ऊन कुठून होतं आणि यान कुठे होतं? तो हिशेब मांडल्याशिवाय उजळपणाचा आकडा कामाचा नसतो.

३. धानाचा ओलावा मोजतात तसा चंद्राचाही मोजला

खरेदी केंद्रावर धान नेलं की पहिला प्रश्न ओलाव्याचा. १७ टक्क्यांच्या वर असेल तर माल परत उन्हात. चंद्र मात्र ठणठणीत कोरडा आहे, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-१ निघालं. त्यावर नासाचं ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ हे उपकरण होतं. त्याने चंद्रावरून येणारा इन्फ्रारेड उजेड बारीक बारीक रंगांत फोडला, तर ३ मायक्रॉनच्या जवळ उजेडाला खड्डा पडलेला दिसला. नेमका तिथलाच उजेड पाणी आणि त्याचा भाऊबंद हायड्रॉक्सिल पिऊन टाकतात. सप्टेंबर २००९ मध्ये ही बातमी जगभर गेली. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे टनभर मातीमागे साधारण लिटरभर पाणी. सूर्याकडून सतत येणारे हायड्रोजनचे कण चंद्राच्या खडकांतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि त्यातलं बरंचसं हायड्रॉक्सिल तिथल्या तिथे तयार होतं. भारताच्या पहिल्याच चांद्रमोहिमेने हे दाखवलं, याचा आनंद आजही तेवढाच ताजा आहे.

४. सॉर्टेक्सवाल्यांना चंद्रयान-२ लगेच समजेल

गोंदियाच्या राइस मिलमध्ये सॉर्टेक्ससमोर दोन मिनिटं उभं राहिलं तर नजर हटत नाही. तांदूळ पन्हळीतून झरझर घसरतो, कॅमेरा दाण्यादाण्याचा उजळपणा बघतो, आणि काळा किंवा डागी दाणा आला की हवेचा नेमका फटकारा त्याला बाजूला उडवतो. उजेड किती परत आला, एवढ्यावरून मालाची जात ठरते.

चंद्रयान-२ चा ऑर्बिटर ऑगस्ट २०१९ पासून चंद्राभोवती फिरतो आहे. त्याच्यावरचं आयआयआरएस हे उपकरण हेच काम करतं, पण ०.८ ते ५ मायक्रॉनपर्यंत सुमारे २५० छटांत. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा आणि लोणारच्या विवराचा तोच खडक. बेसाल्टमधलं पायरोक्सीन १ आणि २ मायक्रॉनच्या आसपासचा उजेड गिळतं, त्यावरून ते शंभर किलोमीटर उंचीवरूनही ओळखता येतं. आमगाव भागातला फिकट, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस खडक सह्याद्रीच्या बेसाल्टहून कितीतरी जुना, दोन अब्ज वर्षांच्याही मागचा. अशा काळ्या-फिकट दगडगोट्यांकडे बघून आपण जी निवड डोळ्यांनी करतो, ती हे उपकरण इन्फ्रारेडमध्ये करतं.

मग ५ मायक्रॉनपर्यंत जायचं कारण? साधारण ३ मायक्रॉनच्या आसपास परतलेल्या उन्हात चंद्राची स्वतःची धग मिसळू लागते. उन्हात ठेवलेला तवा चकाकतो किती आणि तापून किरण टाकतो किती, हे वेगळं करता आलं नाही तर पाण्याचा हिशेब चुकतो. पुढे ५ मायक्रॉनपर्यंत बघितलं की धगेचा वाटा कळतो आणि तो वजा करता येतो. आणखी एक बारकावा: धग मोजणारा डोळा स्वतःच गरम असेल तर त्याला आपलीच धग दिसेल. म्हणून या उपकरणाचा संवेदक उणे १८० अंशांच्या आसपास गार ठेवतात.

करून बघा

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच मोबाइलवर रिमोटच्या टोकाचा बारीक दिवा जांभळट लुकलुकताना दिसतो. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर तिथे काहीच नाही. घरबसल्या इन्फ्रारेड बघण्याची ही सगळ्यात सोपी युक्ती. लहान मुलांना दाखवा, ती अख्ख्या घरातले रिमोट गोळा करून आणतील.

५. वर ८२ अंश, बोटभर खाली थंडी

गोंदियात हिवाळ्यात पारा ७-८ अंशांवर येतो, उन्हाळ्यात ४५ ओलांडतो. वर्षभराचा हा झोका चाळिसेक अंशांचा. चंद्राच्या विषुववृत्तावर एकाच दिवसात पारा १२० अंशांवर जातो आणि रात्री उणे १३० च्याही खूप खाली उतरतो, कारण ऊब धरून ठेवायला तिथे हवाच नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा विक्रम दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला. त्याने चास्टे नावाची तापमापकांची काठी मातीत खोचली. वरच्या थराचं तापमान ८२ अंशांपर्यंत चढलेलं मिळालं, आणि आठ सेंटिमीटर खाली पारा शून्याखाली. चंद्राची धूळ इतकी भुसभुशीत आहे की उष्णता खाली जातच नाही. यान उतरलं ती जागा सूर्याकडे थोडी कललेली होती, जेमतेम सहा अंश. मीटरभर अंतरावरच्या सपाट जागेचं तापमान साठ अंशांच्या आसपास भरलं. उतारावरची बांधी आधी सुकते हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. चंद्रावर तेवढ्याशा उताराने वीस अंशांहून जास्त फरक पडला.

६. सौरमालेतला एक गारठा आपल्या चंद्रावरच लपला आहे

नासाचं एलआरओ हे यान २००९ पासून चंद्राभोवती आहे. त्यावरचं डिव्हायनर हे उपकरण चंद्राची धग मोजत असतं. ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षांत ऊन पडलेलं नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या हर्माइट विवरात डिव्हायनरला उणे २४७ अंश मिळाले. सूर्यापासून कितीतरी लांबचा प्लूटोही याहून उबदार आहे. साध्या कॅमेऱ्याला तिथे नुसता अंधार दिसतो. धग टिपणाऱ्या डोळ्याने अंधारातही आकडा आणला.

७. ग्रहणात दगड लपत नाहीत

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भारतभर खग्रास चंद्रग्रहण होतं. सावली पडली की चंद्राची धूळ तास-दीड तासात शंभर अंशांहून जास्त गार होते. मोठे दगड मात्र हळूहळू निवतात. त्यामुळे ग्रहणात इन्फ्रारेड डोळ्याने बघितलं तर गार चंद्रावर ठिपके पेटल्यासारखे दिसतात. डिसेंबर १९६४ च्या ग्रहणात सारी आणि शॉर्टहिल या शास्त्रज्ञांनी इजिप्तमधल्या दुर्बिणीतून असे शेकडो ठिपके टिपले. टायको हे तरुण विवर त्यात उठून दिसतं, कारण आघाताने उडालेले धोंडे तिथे अजून धुळीखाली गेलेले नाहीत. डिव्हायनर हीच युक्ती रोजच्या चांद्ररात्रीत वापरतं: रात्री कुठली जमीन ऊब धरून आहे ते बघायचं आणि दगड कुठे जास्त आहेत त्याचा नकाशा काढायचा. पुढचं यान कुठे उतरवायचं, हे ठरवताना तो नकाशा फार मोलाचा ठरतो.

८. शनीचे तीन चंद्र, तीन कोडी

कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती होतं. त्याच्या इन्फ्रारेड उपकरणांनी तिथल्या चंद्रांची कोडी उलगडली.

*आयपेटस, अर्धा काळा अर्धा पांढरा.* १६७१ मध्ये, शिवराज्याभिषेकाच्या तीन वर्षं आधी, पॅरिसमध्ये जोवान्नी कॅसिनीने हा चंद्र शोधला. शनीच्या एका बाजूला तो दिसे, दुसऱ्या बाजूला गेला की गायब. कॅसिनीने बरोबर ताडलं की त्याची एक बाजू काळी असणार. काळेपणा आला कुठून? २००९ मध्ये स्पिट्झर या इन्फ्रारेड दुर्बिणीला शनीपासून ६० लाख किलोमीटरवर सुरू होणारं धुळीचं अवाढव्य कडं सापडलं. इतकं विरळ की साध्या उजेडात दिसत नाही, पण धुळीची मंद ऊब इन्फ्रारेडमध्ये दिसली. ती काळी धूळ आयपेटसच्या पुढच्या तोंडावर बसते. पुढची गोष्ट आपली गच्चीवाली: काळा भाग ऊन पितो, त्याचं तापमान उणे १४४ अंशांपर्यंत जातं, पांढरा भाग उणे १६० वरच राहतो. सोळा अंशांचा फरक, पण तेवढ्याने काळ्या भागातलं बर्फ वाफ होऊन उडतं आणि पांढऱ्या भागावर जाऊन गोठतं. काळं आणखी काळं होतं, पांढरं आणखी पांढरं.

*मिमास, तापमानाच्या नकाशात पॅकमॅन.* फेब्रुवारी २०१० मध्ये कॅसिनीने या चारशे किलोमीटरच्या गोळ्याचं तापमान आखलं. अपेक्षा होती दुपारकडे हळूहळू चढत जाणाऱ्या उबेची. नकाशात मात्र व्हिडिओ गेममधला आ वासलेला पॅकमॅन उभा राहिला: एक भाग उणे १८१, तोंडाचा भाग उणे १९६, आणि मध्ये धारदार सीमारेषा. उलगडा आपल्या खळ्यावर मिळतो. चुरणा करण्याआधी खळं चोपून, शेणाने सारवून घट्ट करतात. दुपारी त्या घट्ट जमिनीवर अनवाणी चालवतं, पण शेजारच्या सुट्या, कोरड्या मातीवर पाय भाजतात. घट्ट जमीन ऊन खाली मुरवते, भुसभुशीत जमीन ते वरच्या वर ठेवते. शनीच्या भोवतालचे वेगवान इलेक्ट्रॉन मिमासच्या पुढच्या बाजूवर आदळतात आणि बर्फाचे कण एकमेकांना चिकटून तिथलं खळं घट्ट होतं. मग ती जागा दिवसा कमी तापते. पुढे तेथिस या चंद्रावरही असाच पॅकमॅन सापडला. आपल्याकडे चंद्राभोवती कडं दिसलं की ‘खळं पडलं’ म्हणतात. मिमासवर खरंखुरं चोपलेलं खळं आहे.

*एन्सेलॅडस, वाघाचे पट्टे.* अंगावर आलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांहून जास्त ऊन हा चंद्र परत फेकतो. सौरमालेतला हा सगळ्यात पांढरा मोठा गोळा, त्यामुळे थंडगार, दुपारीही उणे दोनशेच्या आसपास. पण २००५ मध्ये कॅसिनीला त्याचा दक्षिण ध्रुव गरम सापडला. तिथे चार समांतर भेगा आहेत, शास्त्रज्ञ त्यांना ‘टायगर स्ट्राइप्स’ म्हणतात. एकेक भेग सुमारे १३० किलोमीटर लांब, म्हणजे गोंदिया ते नागपूर रेल्वेने जेवढं. भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उसळतात, कारण खाली खारट समुद्र आहे. ध्रुवाकडून निघणारी उष्णता २०११ मध्ये १५.८ गिगावॅट मोजली गेली. आपल्या तिरोड्याचं वीज केंद्र ३,३०० मेगावॅटचं. तशी जवळपास पाच केंद्रं त्या बर्फाखाली अहोरात्र चालू आहेत, असं समजा.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातला कॅमेरा ट्रॅप आठवा. समोरून वाघ गेला की त्याच्या अंगाच्या उबेचे इन्फ्रारेड किरण संवेदकाला कळतात आणि फोटो निघतो. एन्सेलॅडसचे पट्टेही शास्त्रज्ञांना असेच उबेवरून जिवंत असल्याचे कळले.

९. आयोवर विदर्भाएवढा निखारा

गुरूचा चंद्र आयो. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ च्या इन्फ्रारेड उपकरणाला त्याच्यावर गरम जागा सापडल्या, त्याच भेटीत लिंडा मोराबिटो यांना फोटोत ज्वालामुखीचा फवारा दिसला. पृथ्वीबाहेर चालू ज्वालामुखी सापडण्याची ती पहिली वेळ. २७ डिसेंबर २०२४ रोजी ज्युनो यान आयोजवळून गेलं आणि त्याच्या इन्फ्रारेड डोळ्याला दक्षिण गोलार्धात सुमारे एक लाख चौरस किलोमीटरचा धगधगता प्रदेश दिसला. गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतचा अख्खा विदर्भ जवळपास तेवढाच. त्यातून निघणारी उष्णता ८० लाख कोटी वॅटपेक्षा जास्त. तिरोड्याची चोवीस हजार केंद्रं लावा, मग जुळेल.

ज्युनोने तिथल्या लाव्हाच्या तळ्यांचीही धग टिपली. मध्यभागी गार झालेली साय, आणि काठाला लागून लालभडक कडं. चुलीवर दूध आटवताना कढईत अगदी हेच दिसतं: मध्ये साय धरते, कडेला उकळी फुटत राहते.

१०. टायटनच्या तळ्यावर ऊन चमकलं

धानासोबत आपला जिल्हा तळ्यांचाही. नवेगावबांध असो की गावाजवळचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तिरपं ऊन पाण्यावर पडलं की एका ठिकाणी डोळे दिपतात. शनीचा चंद्र टायटन दाट, पिवळ्या धुक्यात गुंडाळलेला आहे. साध्या कॅमेऱ्याला तो नुसता धुरकट गोळा दिसतो. पण इन्फ्रारेडच्या काही ठराविक छटा त्या धुक्यातून आरपार जातात. ८ जुलै २००९ रोजी कॅसिनीने ५ मायक्रॉनमध्ये टायटनच्या उत्तरेकडे बघितलं आणि एक झगझगीत ठिपका पकडला. तळ्याच्या सपाट पृष्ठभागावरून परतलेलं ऊन! ते तळं मिथेन-इथेनसारख्या द्रवांचं, तापमान उणे १८० च्या आसपास. पृथ्वी सोडून दुसऱ्या जगातल्या द्रवावर ऊन चमकताना माणसाने पहिल्यांदा बघितलं ते असं.

जाता जाता

हे किरण सापडले कसे? १८०० मध्ये विल्यम हर्शेलने लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि रंगारंगात तापमापक ठेवले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यात वर चढला. न दिसणाऱ्या उजेडाची ती पहिली नोंद. याच हर्शेलने अकरा वर्षं आधी, १७८९ मध्ये, शनीचे दोन नवे चंद्र शोधले होते: एन्सेलॅडस आणि मिमास. पॅकमॅन आणि वाघाचे पट्टे! मिमासवरच्या सगळ्यात मोठ्या विवराला आज त्याचंच नाव आहे. चंद्र त्याने शोधले आणि त्या चंद्रांची खरी ओळख पटवणारे किरणही त्यानेच.

म्हणून पुढच्या माघ पौर्णिमेला कचारगडला गेलात, तर सूर्य बुडाल्यावर वाटेतल्या दोन जागा हाताने तपासा. एक मोठा धोंडा, आणि त्याच्या पायथ्याची सुटी माती. माती गार पडलेली असेल. धोंड्याने दिवसाचं ऊन अजून जपून ठेवलेलं असेल. वर बघा: जो फरक तुमच्या तळहाताला कळला, तोच फरक तिथे एक यान २००९ पासून दगड-दगड मोजत हिंडतं आहे.